उत्तरेस ओघळ: एका गटाच्या हद्दीचं प्रकरण

दोन खरेदीखतं होती. दोन्ही रीतसर नोंदवलेली, दोन्हींचे फेरफार मंजूर झालेले, दोन्ही खरेदीदारांची नावं सात-बाऱ्यावर चढलेली. आणि दोन्हींत एक ओळ सारखीच: "पूर्वेस शिवरस्ता." जमिनीवर मात्र त्या गटाची रस्त्याला लागलेली बाजू सगळीच्या सगळी एकाच माणसाच्या वहिवाटीत. दुसऱ्याला रस्त्यावर पाय ठेवायलाही जागा नाही.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर लोक नकाशे आणि उतारे घेऊन दाखवायला येतात, त्यातलंच हे प्रकरण. गाव सांगत नाही, गट नंबर बदलले आहेत, आणि वाचताना आकृती डोळ्यांसमोर उभी राहावी म्हणून लांबी-रुंदीचे आकडे थोडे सरळ केले आहेत. बाकी जसं घडलं तसं.

कागद काय म्हणत होते

गट नंबर 214, क्षेत्र 3 हेक्टर 20 आर, त्यात पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, 4 आर. आकार साधारण आयताचा: रस्त्याच्या बाजूने दक्षिणोत्तर 160 मीटर, आणि रस्त्यापासून आत पश्चिमेकडे 200 मीटर. मूळ मालक वारले, दोन मुलगे वारस लागले. सात-बारा सामाईक राहिला, वाटप तोंडी झालं. कसायला दोघांना आपापला तुकडा ठाऊक होता, कागदाला मात्र त्याचा पत्ता नव्हता.

1996 मध्ये थोरल्या भावाने 80 आर एका शिक्षकांना विकले. त्यांना सगळं गाव गुरुजीच म्हणतं, मीही तेच म्हणतो. त्यांच्या खरेदीखतातलं वर्णन असं: गट नंबर 214, क्षेत्र 3 हे. 20 आर पैकी 0 हे. 80 आर, पूर्वेस शिवरस्ता, पश्चिमेस याच गटातील लिहून देणार यांची राहिलेली जमीन, दक्षिणेस गट नंबर 215, उत्तरेस ओघळ.

2012 मध्ये धाकट्या भावाने 70 आर विकले. घेणारा गावातलाच तरुण, गुरुजींचा जुना विद्यार्थी. त्याच्या खरेदीखतात: पूर्वेस शिवरस्ता, पश्चिमेस गट नंबर 212, दक्षिणेस याच गटातील जमीन, उत्तरेस गट नंबर 209.

दुसरी चतुःसीमा नीट वाचली तर पट्टा उभा राहतो. गटाच्या उत्तर कडेने रस्त्यापासून थेट पश्चिम हद्दीपर्यंत जाणारी 200 मीटर लांबीची पट्टी. 70 आर म्हणजे 7,000 चौरस मीटर, तेव्हा रुंदी 35 मीटर. पण गुरुजींची नांगरट गट नंबर 209 च्या बांधापर्यंत जात होती. त्यांच्या 64 मीटर रुंदीच्या तुकड्याने त्या पट्टीचं तोंडच बंद केलं होतं. खरेदी घेताना त्या पोराने जमीन पाहिली होती ती मागच्या बाजूने, धाकट्या भावाच्या शेतातून चालत जाऊन. रस्त्याकडून कुणी पाहिलीच नाही.

गुरुजींशी बोलायला तो दोनदा गेला. "गुरुजी, माझ्या खतात पूर्वेला रस्ता लिहिलाय." गुरुजी म्हणाले, "बाळ, माझ्याही खतात लिहिलाय. आणि माझं खत तुझ्या आधीचं आहे." पुढे बोलायची त्याची हिंमत झाली नाही. चार वर्षं तशीच गेली.

"पैकी" या शब्दाबद्दल

आपल्याकडच्या जमिनीच्या निम्म्या भांडणांचं मूळ मला या एका शब्दात दिसतं. "पैकी 80 आर" म्हटलं की किती ते कळतं, कुठलं ते कळत नाही. सात-बाराही ते सांगत नाही. गाव नमुना 7 हा अधिकार अभिलेख आणि गाव नमुना 12 ही पिकांची नोंद. त्यात गटाचं एकूण क्षेत्र, आकार, कब्जेदारांची नावं, बोजे हे सगळं असतं. तुमचा तुकडा गटाच्या कुठल्या कोपऱ्यात आहे हे नसतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. पण जी गोष्ट नोंदीत मुळात नाहीच, ती खरी मानणार कशी?

त्यात सामाईक गटातून एकच भाऊ विकतो, तेव्हा घेणाऱ्याला त्याचा हिस्सा मिळतो. अमुकच जागा मिळाली म्हणायचं तर आधी वाटप झालं होतं हे दाखवावं लागतं. म्हणून अशा खरेदीत सगळा भार चतुःसीमेवर येतो. नोंदणी कायदा, 1908 च्या कलम 21 मध्ये हेच सांगितलं आहे की मिळकत ओळखता येईल इतकं वर्णन दस्तात पाहिजे: क्षेत्र, लगतचे रस्ते आणि मिळकती, आणि शक्य असेल तिथे सरकारी नकाशाचा किंवा मोजणीचा संदर्भ. प्रत्यक्षात काय होतं? देणारा तोंडी सांगतो, दस्त लिहिणारा उतरवून घेतो, आणि सगळे सह्या करायला निघतात. जमिनीवर उभं राहून चतुःसीमा लिहिलेली मी फार थोड्या वेळा पाहिली.

पहिली मोजणी

2016 मध्ये तरुणाने हद्दकायम मोजणीचा अर्ज केला. लगतच्या सगळ्या कब्जेदारांना नोटिसा गेल्या, ठरल्या दिवशी भूकरमापक आला, यंत्राने मोजणी झाली. गटाच्या बाहेरच्या हद्दी रेकॉर्डप्रमाणे दाखवल्या, खुणा केल्या, पंधरवड्याने क प्रत, म्हणजे मोजणी नकाशाची अर्जदाराला मिळणारी नक्कल, हाती आली.

त्या क प्रतीवर गट 214 ची बाहेरची रेष अखंड होती, आतली गुरुजींची वहिवाट तुटक रेषेने दाखवली होती, आणि वहिवाटीचं क्षेत्र होतं 102 आर. दोघांनाही वाटलं आपण जिंकलो. तरुण म्हणाला, "त्यांचे 80, निघाले 102, म्हणजे माझे 22 त्यांच्याकडे." गुरुजी म्हणाले, "सरकारी नकाशात माझी वहिवाट 209 च्या बांधापर्यंत दाखवली आहे."

दोघंही चुकत होते. हद्दकायम मोजणी गटाची हद्द दाखवते. गटाच्या आत रेकॉर्डवर पोटहिस्साच नसेल तर मोजणी करणारा आतली रेष आणणार कुठून? समोर दिसेल ती वहिवाट तो टिपून घेतो. ती तुटक रेष म्हणजे "आज इथे हा नांगरतो" एवढंच सांगणारी साक्ष.

पुढची पायरी वकिलांची. गुरुजींच्या वकिलांनी जो मुद्दा काढला तो कायद्याने भक्कम होता, हे मला मान्य करावंच लागेल. वर्णनात क्षेत्र आणि चतुःसीमा यांचा मेळ बसत नसेल तर न्यायालयं सहसा चतुःसीमेला धरतात, क्षेत्र मागे पडतं. कारण साधं आहे. शेजारचा रस्ता, ओढा, बांध देणाऱ्या-घेणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेला असतो, क्षेत्राचा आकडा हिशेबातून येतो आणि हिशेब चुकू शकतो. नंबराच्या बाबतीतही हेच. 1960 च्या दशकातला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल या विषयात नेहमी पुढे येतो. त्यात 1060 च्या जागी 160 असा प्लॉट नंबर पडला होता. क्षेत्र आणि चतुःसीमा जुळत होत्या, म्हणून चुकीचा नंबर ही फक्त वर्णनातली चूक ठरली आणि जमीन गेली ती 1060 नंबरचीच.

वकिलांचं म्हणणं असं: दक्षिणेस 215 बरोबर, पूर्वेस रस्ता बरोबर, उत्तरेस "ओघळ" लिहिलंय, पण तिथे ओघळ नाहीच, जमीन सपाट आहे. म्हणजे हा शब्द चुकून पडला, तिथे गट 209 असं वाचायचं. मग चतुःसीमेत 102 आर बसतात, आणि चतुःसीमा श्रेष्ठ.

ही फाइल माझ्यासमोर आली तेव्हा मी याच शब्दावर थांबलो. माणूस "ओघळ" हा शब्द चुकून लिहीत नाही. 209 च्या जागी 290 पडेल, पूर्वेच्या जागी पश्चिम पडेल. ओघळ ही डोळ्यांसमोर असल्याशिवाय कुणी सांगत नाही. शिवाय सात-बाऱ्यावर 4 आर पोटखराबा होता. मी गट सगळा फिरलो. खडक नाही, विहीर नाही, खळं नाही, वस्ती नाही, सगळी काळी सपाट जमीन. मग हे 4 आर लागवडीला नालायक धरले कशामुळे?

टिपण

इथे थोडं मागे जावं लागेल. मुंबई इलाख्यातल्या शेतवार मोजणीची घडी 1830 च्या दशकात इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी बसवली, आणि 1847 च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले. ती मोजणी शेतसारा ठरवण्यासाठी होती, मालकी ठरवण्यासाठी नव्हती. तरी शेत जागेवर कुठे आहे, कसं आहे, याचा सगळ्यात जुना आणि बारकाईचा कागद आजही तीच मोजणी देते.

तिची साखळी 33 फुटांची, तिचे आणे 16. म्हणजे एक आणा 2 फूट पाऊण इंचाचा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे 1,089 चौरस फूट, आपला गुंठा; असे 40 गुंठे म्हणजे एकर. आपण रोज गुंठा म्हणतो तेव्हा त्या साखळीचा चौरसच बोलत असतो. शेतात एक सरळ पाया धरायचा, त्यावरून साखळी टाकत जायचं, आणि डाव्या-उजव्या हाताला हद्द किती साखळ्या किती आण्यांवर आहे ते लिहीत जायचं. हे लिहिलेलं पान म्हणजे टिपण. गुणाकार बुकात त्यावरून क्षेत्र काढलं जायचं, आणि टिपणांवरून गावचा नकाशा जुळायचा.

लोक नकाशा मागतात, टिपण मागत नाहीत. तिथेच फसतात. गावचा नकाशा सहसा 1 इंचास 20 साखळ्या या मापाचा, म्हणजे 1:7920. त्यावर शिसपेन्सिलीची बारीक रेषदेखील जमिनीवर दोन-सव्वादोन मीटर जाड पडते. आजकाल मोबाइलवर नकाशाचा फोटो मोठा करून लोक बांध कुठे यावर हमरीतुमरीवर येतात. त्या रेषेच्या जाडीतच एक माणूस हात पसरून उभा राहील. टिपणात मात्र आकडा लिहिलेला असतो, आणि आकड्याला जाडी नसते.

गट 214 चा मागोवा एकत्रीकरणाच्या उताऱ्यातून निघाला. 1947 च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली गावात योजना झाली तेव्हा जुन्या सर्व्हे नंबरांचे गट झाले. गट 214 झाला होता जुन्या सर्व्हे नंबर 61 च्या दोन हिश्श्यांचा: 61/1, क्षेत्र 70 आर, आणि 61/2, क्षेत्र 2 हेक्टर 50 आर. दोन्ही हिस्से एकाच खातेदाराचे, म्हणजे या भावांच्या वडिलांचे. म्हणून दोन्हींचा एक गट झाला आणि मधली रेष नकाशावरून गेली.

70 आर. तरुणाच्या खरेदीखतातलं क्षेत्र तेवढंच. हा आकडा वाचला तेव्हा मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

मग सर्व्हे नंबर 61 चं टिपण आणि फाळणीचा नकाशा यांच्या नकला मागवल्या. टिपण मोडीत होतं, कडा खाल्लेल्या, पण आकडे स्वच्छ. ईशान्य कोपऱ्यापासून रस्त्याच्या कडेने दक्षिणेकडे येताना 3 साखळ्या 8 आण्यांवर एक नागमोडी दुहेरी रेष रस्त्याला येऊन मिळत होती. शेजारी लिहिलेलं: ओघळ. पुढे फाळणी झाली तेव्हा हिस्सा 1 आणि हिस्सा 2 यांच्यामधली हद्द म्हणून तीच धरली होती.

साडेतीन साखळ्या म्हणजे 115 फूट 6 इंच, म्हणजे 35.2 मीटर.

तेव्हा चित्र असं झालं. जुन्या काळी तिथे ओघळ होती आणि तीच दोन हिश्श्यांची हद्द होती. एकत्रीकरणाने ती रेष कागदावरून काढली, पुढे कधीतरी जमिनीवरूनही ती गेली, आणि शिल्लक राहिली ती फक्त 1996 च्या एका खरेदीखतातल्या एका शब्दात आणि सात-बाऱ्यावरच्या 4 आर पोटखराब्यात.

जमिनीने दिलेली साक्ष

टिपण मिळालं म्हणून काम संपत नाही. दीडशे वर्षांपूर्वीची साखळी वापरून ताणलेली असू शकते, ईशान्य कोपरा आज तिथेच आहे याची खात्री नसते. कागदावरचा आकडा जमिनीवरच्या जुन्या खुणेशी जुळला पाहिजे, आणि तो एकाच खुणेशी जुळून भागत नाही.

गुरुजींना मी निरोप धाडला की एक दिवस शेतात या, सगळ्यांच्या समोर बघू. ते आले. दोघे भाऊ आले, तो तरुण आला, 209 आणि 215 चे कब्जेदारही आले. पहिलं काम कोपरे तपासण्याचं. आग्नेयेचा हद्दीचा दगड घाणेरीत सापडला, अर्धा मातीत, पण हललेला नाही. 215 च्या हद्दीवरची जुनी दगडी विहीर टिपणात दाखवलेली होती. तिच्यापासूनचं अंतर टेप लावून पाहिलं, दीड फुटाचा फरक आला. एवढा फरक मी सहज मान्य करतो.

नंतर सगळे शिवरस्त्यावर आलो. ईशान्य कोपऱ्यापासून टेप सोडत मी दक्षिणेकडे चालू लागलो. 34 मीटर, 35 मीटर. रस्त्याच्या कडेला गवत कमरेएवढं होतं. मी काठीने ते बाजूला केलं, आणि काठी पोकळीत गेली. रस्त्याखाली दगडी मोरी होती. घडीव दगडांची, दोन हात रुंद, आतून मातीने निम्मी भरलेली. तिचा मध्य 35.9 मीटरवर.

कोरड्या सपाट जमिनीसमोर रस्त्याखाली मोरी कुणी बांधत नाही. रस्ता करणाऱ्यांनी ती बांधली, कारण तिथून पाणी जात होतं.

मोरीच्या सरळ रेषेत आत पाहिलं तर शंभरएक पावलांवर दोन जुने करंज, एकमेकांपासून तीन-चार मीटरवर. नांगरट करणाऱ्याने त्यांना वळसा घालून तास काढलेले. करंज ओहळाकाठी आपसूक येतो.

तरुणाने जेसीबी बोलावला होता. मोरीपासून आत वीस मीटरवर रेषेला आडवा एक चर घ्यायला सांगितला, चार फूट खोल. पहिले दोन फूट काळी माती, भरावाची, भुसभुशीत. मग रंग बदलला. करडी वाळू, आणि तिच्यात गुळगुळीत गोल गोटे, लिंबाएवढे, काही मुठीएवढे. चराच्या भिंतीत तो थर खोलगट बशीसारखा दिसत होता, मध्ये जाड आणि दोन्ही कडांना निमुळता होत गेलेला. शेतात गोटे तसे कुठेही सापडतात, पण ते कोनांचे असतात. वाहून आलेल्या दगडालाच अशी गोलाई येते.

गुरुजी चराच्या कडेला बसले. एक गोटा उचलून हातात घोळवत राहिले. मग म्हणाले, "ही मीच बुजवली, 2005 साली. सपाटीकरण करताना. दरवर्षी माती वाहून जायची. तेव्हा पलीकडे कुणी कसतच नव्हतं, पडीक होतं. मला वाटलं, माझ्या उत्तरेला ओघळ लिहिलंय, ओघळ माझीच, आणि पलीकडची वीस-पंचवीस पावलं बांधापर्यंतची उगीच राहिलेली."

थोरले भाऊ तेव्हा बोलले. "गुरुजी, आबांनी वाटे केले तेव्हा ओघळीच्या वरचं सगळं धाकट्याला दिलं. त्याचं बाकीचं रान मागे आहे, त्याला रस्त्याला यायला वाट पाहिजे म्हणून. मी तुम्हाला विकलं ते ओघळीच्या खालचं."

हिशेब करून पाहा, म्हणजे आबांनी किती विचार केला होता ते कळेल. ओघळीच्या उत्तरेला 35 बाय 200, म्हणजे 70 आर. दक्षिणेला 125 बाय 200, म्हणजे 250 आर. थोरल्याला दक्षिण भागात रस्त्याकडून 128 मीटरपर्यंतचे 160 आर. धाकट्याला मागचे 90 आर आणि उत्तरेची 70 आरांची पट्टी, मिळून 160. दोघांना सारखं क्षेत्र आणि दोघांना रस्ता. हे सगळं त्यांनी पावलांनी मोजून केलं असणार. एक ओळ लिहून ठेवली असती, तर पुढच्या पिढीचं भांडण टळलं असतं.

आणि थोरल्याने विकलेले 80 आर? 125 मीटर लांबी, 64 मीटर रुंदी. बरोबर 8,000 चौरस मीटर. चतुःसीमा आणि क्षेत्र यांत विरोध कधी नव्हताच. "उत्तरेस ओघळ" जसं लिहिलं तसं वाचलं, तर आकडा आपोआप जुळत होता. वकिलांचा नियम खरा होता, फक्त तो लावण्याआधी हद्द शोधायची राहून गेली होती.

तडजोड आणि तिच्यातल्या अडचणी

गुरुजींच्या बाजूने आणखी एक मुद्दा निघू शकला असता, तो म्हणजे बारा वर्षांहून जास्त उघड आणि विरोधी कब्जाचा. मुदत कायद्यात तशी सोय आहे. 2005 ते 2016 ही अकराच वर्षं होतात, आणि आपण दुसऱ्याच्या जमिनीत आहोत हे त्यांना ठाऊकही नव्हतं. पण खरं कारण ते नव्हे. चर पाहिल्यावर गुरुजींनीच वकिलांना सांगितलं की मला हे लढायचं नाही. त्या पोराकडे वळून एवढंच म्हणाले, "तू चार वर्षं का गप्प बसलास रे?"

मग पोटहिस्सा मोजणीचा अर्ज सगळ्या कब्जेदारांच्या संमतीने केला. संमती सगळ्यांची लागते. एक सही कमी असेल तर काम तिथेच थांबतं, आणि इथे या दोघा भावांची बहीण सही द्यायला तयार नव्हती. तिचं म्हणणं रास्त होतं की वारस म्हणून माझं नाव लागलंच नाही. ते आधी निस्तरावं लागलं. त्यात आठ महिने गेले. तो भाग मी इथे लांबवत नाही, पण जमीन घेणाऱ्याने वारसांची साखळी तपासल्याशिवाय चतुःसीमेकडे वळूच नये.

मोजणीत दुसरी अडचण निघाली. गटाची पूर्व-पश्चिम लांबी 200 ऐवजी 198 मीटर भरली. एकूण 3 हेक्टर 17 आर, कागदापेक्षा 3 आर कमी. साखळीने केलेल्या मोजणीत आणि आजच्या उपकरणांत एवढा फरक पडतोच. हा घाटा कुणाच्या माथी मारायचा? मी सुचवलं ते असं: जे तुकडे चारही बाजूंनी ठरले आहेत त्यांना हात लावू नये, आणि कमी पडेल ते उरलेल्या जमिनीत पडावं. गुरुजींचे 80 आर रस्ता, ओघळ आणि 215 यांनी बांधलेले. पश्चिमेची रेष 64.1 मीटरवर आली की क्षेत्र पुरं होतं. उत्तरेची पट्टी ओघळ आणि 209 यांच्यामधली, ती 69.7 आर भरली, तरुणाने ती मान्य केली. उरलेला घाटा दोघा भावांनी राहिलेल्या जमिनीत निम्मा-निम्मा घेतला.

सपाटीकरणाला गुरुजींचा खर्च झाला होता, आणि साडेबावीस आर काळी माती आयती तरुणाकडे येत होती. त्याने स्वतःहून त्याचा वाटा दिला. किती, हे त्या दोघांतच राहिलं.

नवं वर्णन

चूक दुरुस्ती पत्र दोन्ही खरेदीखतांचं केलं. हा मसुदा लिहायला मी वकिलांच्या शेजारी बसलो, आणि दस्तातली चतुःसीमा जागेवर चालत जाऊन तपासली. गुरुजींच्या तुकड्याचं वर्णन आता असं आहे:

"गट नंबर 214, पोटहिस्सा 2, क्षेत्र 0 हे. 80 आर. पूर्वेस शिवरस्ता, लांबी 124.8 मीटर, आग्नेय कोपऱ्यातील जुन्या हद्दीच्या दगडापासून उत्तरेकडे दगडी मोरीजवळील दगडापर्यंत. उत्तरेस जुनी ओघळ, हल्लीचा चर, त्यापलीकडे पोटहिस्सा 1. पश्चिमेस पोटहिस्सा 3, रस्त्यापासून 64.1 मीटरवर, दोन्ही टोकांस दगड. दक्षिणेस गट नंबर 215. सोबत जोडलेला मोजणी नकाशा या दस्ताचा भाग समजावा."

एक खुणेचा दगड, एक मोजलेलं अंतर, एक शेजारचा नंबर, आणि जोडलेला नकाशा. यातलं एक पुसलं गेलं तर उरलेल्या तिघांवरून ते परत उभं करता येतं. गुरुजींच्या पहिल्या खतात "ओघळीपर्यंत, रस्त्याच्या कडेने सुमारे 410 फूट" एवढं असतं तरी मोरी शोधायची वेळ आली नसती.

"हल्लीचा चर" हे शब्द पहिल्या मसुद्यात नव्हते. ते पावसाने आणले. मोजणी होऊन दगड रोवले त्या जूनमध्ये वरच्या रानातलं पाणी आपल्या जुन्या वाटेनेच आलं, भरावावर तुंबलं आणि दोघांच्याही शेतात शिरलं. गुरुजींच्या तुरी पिवळ्या पडल्या. तेव्हा दोघांनी मिळून रेषेवरून मीटरभर रुंदीचा चर काढला, मोरी साफ केली, आणि पाणी रस्त्याखालून पलीकडे जाऊ लागलं.

त्यात वायव्येचा कोपरा नेमका चराच्या मधोमध आला. तिथे दगड टिकला नसता, म्हणून तो पश्चिमेच्या हद्दरेषेवरच 1 मीटर दक्षिणेला सरकवून रोवला, आणि "खरा कोपरा या दगडापासून उत्तरेस 1 मीटर" असं दस्तात आणि नकाशावर दोन्हीकडे लिहून घेतलं. दगडाच्या माथ्यावर तरुणाने छिन्नीने उत्तरेकडे रोख असलेला बाण कोरला आहे. गुरुजींनी त्याला तो दोनदा खोल करायला लावला.